‘आधी’, ‘नंतर’ आणि मधला शिरा

‘आधी’च्या चित्रीकरणात मी पोट आत ओढलं.

जुनी सवय. समोर कॅमेरा आला की श्वास रोखायचा आणि हनुवटी वर करायची. लग्नाच्या फोटोत मी तसाच आहे, मुलीच्या बारशाच्याही. वाहिनीकडून आलेली मुलगी हसून म्हणाली, “काका, सोडा ना. आपल्याला पोटच दाखवायचंय.” मी सोडलं. शर्टाच्या दोन बटणांमधून बनियन बाहेर डोकावला. “परफेक्ट,” ती म्हणाली. माझ्या पोटाला कुणी परफेक्ट म्हणण्याची ही पहिलीच वेळ.

तेव्हा माझं वजन एकशे चौतीस किलो होतं. सातपूरच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. ऑफिस पहिल्या मजल्यावर, पायऱ्या सोळा. दहाव्या पायरीला मला रोज कुणाचा तरी फोन यायचा. म्हणजे यायचा नाही, मी तो कानाला लावून उभा राहायचो. गुडघे गेले होते, साखर गोळ्यांना जुमानत नव्हती आणि झोपेत माझा श्वास थांबायचा. बायको हलवून जागं करायची तेव्हा तो पुन्हा सुरू व्हायचा. डॉक्टरांनी वजन कमी करायच्या ऑपरेशनचं नाव काढलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं, कारण ते मी आधीच पाहून ठेवलं होतं. टीव्हीवर.

रविवारी सकाळी अकराला तो कार्यक्रम लागायचा. मी पोह्यांची बशी घेऊन बसायचो. आधी एक जाडा माणूस उदास चेहऱ्यानं खिडकीबाहेर बघतोय. मग डॉक्टर, मग पडद्यावर गुलाबी रंगाचं जठर, त्याच्यावर एक रेघ फिरते आणि मोठा भाग अलगद बाजूला होतो. ऑपरेशन थिएटरचा लाल दिवा लागतो. केसांच्या तेलाची जाहिरात. जाहिरात संपते तोवर तोच माणूस जुन्या पँटच्या एका पायात दोन्ही पाय घालून उभा असतो आणि सगळा स्टुडिओ टाळ्या वाजवतो.

“ती मागच्या रविवारची बाई आता जेवते काय, ते कुणी विचारलं का तिला?” बायको म्हणायची.

“अगं, वीस मिनिटांत काय काय दाखवतील?”

“पँट दाखवायला वेळ असतो.”

ते प्रत्यक्ष काय असतं, ते तपासण्यांच्या वेळी कळलं. आहार सांगणाऱ्या ताईंनी एक एवढीशी वाटी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, यापुढे एका वेळेला एवढं, तेही अर्धा तास चावून. गोळ्या जन्मभर. केस गळतील काही महिने. मी डोक्यावरून हात फिरवला. तिथं गळण्यासारखं फारसं काही नव्हतं, तेवढंच समाधान.

भूल देणाऱ्या डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत. बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी मला आणि बायकोला समोर बसवून सांगितलं, “यांची मान जाड आहे, झोपेत श्वास थांबतो. यांना भूल देणं हे ऑपरेशनइतकंच अवघड काम आहे. पोट रिकामं पाहिजे. भूल चढताना पोटातलं वर आलं आणि श्वासनळीत गेलं, तर जिवावर बेतेल. रात्री बारानंतर काहीही नाही.” बायकोनं ते वहीत लिहून घेतलं. मी मान हलवली. जाड मान.

आणि तरी चित्रीकरणाला मी हो म्हटलं. हॉस्पिटलमध्ये त्या कार्यक्रमाची माणसं यायची. पुढच्या भागासाठी मीच हवा, म्हणाले. बायको म्हणाली, “आपलं दुखणं आपल्या घरात राहू द्या.” पण मला ती पँट दिसत होती. कारखान्यातले सगळे मला त्या पँटच्या एका पायात बघणार होते.

तर ‘आधी’च्या त्या दिवशी मला कॉलेज रोडवर मिसळ खायला बसवलं. मी मिसळ महिन्यातून एकदा खातो, माझं वजन वाढलंय ते रात्रीच्या भातानं आणि दुपारच्या डब्यानंतर दुसऱ्याच्या डब्यानं. पण डबा पडद्यावर दिसत नाही. पाव तोंडात कोंबताना जवळून घ्यायचं होतं. चार वेळा घेतलं. मग जिना चढायला लावला, धापा नीट आल्या नाहीत म्हणून पुन्हा. दुसऱ्या खेपेला आल्या.

ऑपरेशनचा दिवस उजाडला. साडेनऊची वेळ होती. बायकोनं आदल्या रात्रीच हॉस्पिटलच्या खोलीत माझ्या उशाचं पाणी उचलून कपाटावर ठेवलं होतं. साडेसातला खालून निरोप आला, नातेवाइकानं सह्या करायला यावं, आणि ती फाईल घेऊन गेली.

ती गेली आणि निफाडहून ताई आली. माझी थोरली बहीण. माझ्या ऑपरेशनसाठी तिनं आदल्या दिवशी घरी सत्यनारायण घातला होता. पिशवीतून स्टीलचा डबा काढला, झाकण उघडलं, आणि सबंध खोलीत तुपातल्या रव्याचा वास पसरला. वर तुळशीचं पान.

“ताई, मला आज काही खायचं नाही.”

“खायला कोण सांगतंय? परसाद हे तो. परसादाला नाय म्हणत्यात का?”

आमच्या घरात प्रसाद म्हणजे जेवण नव्हे. उपास असला तरी प्रसाद घेतात, आजारी माणसाच्या जिभेवरही बोटभर ठेवतात. नको म्हणायला तोंड उघडलं, की त्यातच तो जातो. आणि तेवढ्यात दारातून ती वाहिनीची मुलगी कॅमेरेवाल्याला घेऊन आत आली. तिनं डबा पाहिला, ताईचे भरलेले डोळे पाहिले.

“मावशी, थांबा. हेच. हेच मला पाहिजे होतं.”

ताईनं मला चमचाभर शिरा भरवला. खिडकीचा उजेड मागून येतोय म्हणून पलंग फिरवला. पुन्हा भरवला. ताईचा पदर मध्ये आला. तिसऱ्यांदा भरवताना मुलगी म्हणाली, “काका, डोळ्यांत पाणी येतंय का बघा ना.” आलं. शिरा चांगला झाला होता, केळं घातलेलं होतं, आणि ऑपरेशनआधीचं पथ्य म्हणून मी आदल्या दोन आठवड्यांत पातळ पदार्थांखेरीज काही खाल्लं नव्हतं.

ताईनं डबा पिशवीत ठेवला. बायको वर आली तेव्हा सगळं आवरलेलं होतं. माझी जीभ तेवढी दाढेमागचा बेदाणा शोधत होती.

नर्स ट्रॉली घेऊन आली. “रात्री बारानंतर काही खाल्लं, प्यायलं?”

“नाही,” मी म्हणालो. इतक्या पटकन, की मलाच ते खरं वाटलं.

“पाणीसुद्धा नाही,” बायको म्हणाली. “तांब्या मी स्वतः वर ठेवला होता.”

ताई पिशवीच्या बंदाशी चाळा करत होती. तिच्या हिशेबी कुणी खोटं बोललं नव्हतं.

ट्रॉली निघाली. छतावरचे दिवे एकामागून एक डोक्यावरून सरकायला लागले, अगदी टीव्हीत दिसतात तसे, आणि कॅमेरेवाला बाजूनं चालत होता. तोवर बरं होतं. लिफ्टमध्ये मला ते वाक्य आठवलं. भूल चढताना पोटातलं वर आलं तर. मी पोटावर हात ठेवला. तीन चमचे. एकशे चौतीस किलोमध्ये तीन चमचे ते काय? मग वाटलं, श्वासनळीला माझं वजन कुठं ठाऊक आहे?

सांगावं, तर ताईनं हौसेनं केलेला प्रसाद अपराध ठरणार. बायको नर्सपुढं खोटी पडणार. ती मुलगी, कॅमेरा, तो भाग, पँट. न सांगावं तर कदाचित काहीच होणार नाही. टीव्हीवर इतक्या माणसांची ऑपरेशनं पाहिली, हा प्रश्न कुणाला विचारलेला मी कधी ऐकला नव्हता. तेवढ्यात जाहिरात लागायची.

आत फार गार होतं. अरुंद टेबलावर मला सरकवलं, छातीला तारा चिकटवल्या. माझ्या काळजाचे ठोके आता सगळ्यांना ऐकू येत होते आणि ते पळत होते. भुलीच्या डॉक्टरबाई माझ्या डोक्याशी आल्या. हातात मास्क.

“घाबरलात?”

“नाही.”

“पोट रिकामं आहे ना?”

मी छताकडे बघितलं. ठोके आणखी पळाले. मास्क माझ्या नाकाजवळ येत होता.

“मॅडम,” मी म्हणालो, “प्रसाद चालतो ना?”

मास्क थांबला. कोपऱ्यात हत्यारं मांडणाऱ्या बाईंचा हातही थांबला.

“कसला प्रसाद?”

“शिरा.”

“कधी?”

“पावणेआठला.”

“किती?”

“तीनदा.”

“तीनदा प्रसाद?”

“रिटेक झाले.”

बाईंनी मास्क बाजूला ठेवला. ओरडल्या नाहीत. शांतपणे माझ्या छातीवरच्या तारा स्वतः काढल्या आणि सर्जनना म्हणाल्या, “आज नाही.” दाराशी हिरवा गाऊन घालून उभ्या असलेल्या वाहिनीच्या मुलीनं विचारलं, “मॅडम, फक्त डोळे मिटतानाचं घेऊ का? बाकीचं नंतर जोडता येईल.” बाईंनी तिच्याकडे न बघता सांगितलं, “कॅमेरा बाहेर.” मग माझ्याकडे वाकून, हळू आवाजात, “सांगितलंत ते बरं केलंत. आणखी एक मिनिट, आणि माझ्या हातात काही राहिलं नसतं.”

 

बाहेर आलो तर ताई उठून उभी राहिली. “झालं बी?” तिनं पण तो कार्यक्रम पाहिलेला.

नर्सनं बायकोला कारण सांगितलं. बायकोनं एकदा ताईच्या पिशवीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. ताई खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली, “माझ्या हातानं, भाऊ, माझ्या हातानं.” बायको तिच्याजवळ गेली, पाठीवर हात ठेवून म्हणाली, “वन्सं, तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.” सांगायचं कुणी होतं, ते मला कळलं.

नवी तारीख पुढच्या गुरुवारची मिळाली. ताईला आम्ही स्टँडवर सोडलं. रिक्षात मी बायकोला सगळं सांगितलं, तीन चमचे, पदर, फिरवलेला पलंग. घरी आल्यावर तिनं फाईल टेबलावर ठेवली, चष्मा काढून पुसला, आणि मी समोर बसलो तरी पुसतच राहिली.

“मला वाटलं, तू रागावशील,” मी म्हणालो.

“खाली त्यांनी मला एक कागद वाचून दाखवला,” ती म्हणाली. “तुम्हाला काय काय होऊ शकतं, ते सगळं. एकेक ओळ. त्याच्याखाली मी सही केली, तेव्हा तुम्ही वर पलंग फिरवून घेत होतात.” चष्मा तिनं डोळ्यांवर चढवला. “गुरुवारी मी खोलीतून हलणार नाही. सही पाहिजे असेल तर कागद वर आणा म्हणावं.”