ख्लेबचा मानकरी

पोलंडमधल्या स्तार्झिन्का गावच्या लुदोमिर ग्झेलाकना नोकरीत असेपर्यंत कुठल्याही शब्दाच्या जन्माची काळजी वाटली नव्हती. ते स्टेशनमास्तर होते. मग रेल्वेने तो फाटाच बंद केला, ग्झेलाक घरी बसले, आणि रिकामा माणूस करतो तेच त्यांनी केलं. राष्ट्रसेवा सुरू केली.

निमित्त झालं टीव्हीवरच्या एका प्राध्यापकाचं. तो म्हणाला, ‘ख्लेब’, म्हणजे आपला रोजचा पाव, हा शब्द मुळात आपला नाहीच. पोल, रशियन, झेक असे आपण सगळे स्लाव्ह अजून एकच भाषा बोलत होते, त्या काळी शेजारच्या जर्मानिक टोळ्यांकडून, बहुधा गॉथांकडून, तो आपल्यात आला. ग्झेलाकनी टीव्ही बंद केला.

“म्हणजे काय? ते येईपर्यंत आपण गवत खात होतो?”

“मला काय विचारतोस, मी होते का तेव्हा?” त्यांची बायको स्तेफानिया म्हणाली. “आणि टोमॅटोचा शब्द इटलीतून आलाय, तरी रोज सूप ओरपतोसच की.”

“टोमॅटो वेगळा. पाव म्हणजे आई.”

“तुझ्या आईने तर आयुष्यात घरी पाव भाजला नाही.”

पुढे ग्झेलाकनी उलटा सिद्धांत मांडला. शब्द आपला, चोरला त्यांनी. पुरावा नव्हता, पण फलाटावर कमावलेला आवाज होता. लग्नात वधूवरांना पाव-मीठ देण्याची वेळ आली की ग्झेलाक बोलायला उभे राहत, आणि नवरानवरी जिभेवर मीठ घेऊन गॉथांचा इतिहास ऐकत. एकदा मयताच्या जेवणातही ते उठले. विधवेने त्यांना कोटाला धरून खाली बसवलं. गावाने त्यांचं नाव ‘गॉथ’ ठेवलं. ते त्यांना सोडून सगळ्यांना माहीत होतं.

त्यांना हवं होतं एकच. सुगीच्या सणात नव्या धान्याचा पाव हातात धरून मिरवणुकीच्या पुढे चालण्याचा मान. दर वर्षी ते सरपंच बोझेनाबाईंकडे जात, आणि दर वर्षी बाई मान दुसऱ्याला देत. यंदा ठरलेला मानकरी शिडीवरून पडला आणि प्लॅस्टरमध्ये गेला.

“लुदोमिर, तुम्हीच घ्या,” बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. “पण आपल्याशी मैत्रीचा करार केलेल्या जर्मनीतल्या जोडगावचे पाहुणे येतायत. भाषण छोटं. गॉथ नकोत.”

“गॉथ नाही. पण पाव मी स्वतः भाजणार. अस्सल स्लाव्ह पद्धतीने.”

“बेकरीवाला देतोय ना?”

“बेकरीवाल्याची भट्टी जर्मन आहे.”

अस्सल स्लाव्ह पद्धत कशी होती हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे ग्झेलाकना अडचण आली नाही. त्यांनी परसात मातीची भट्टी रचली, राय नावाचं धान्य दगडी जात्यावर दळलं आणि यीस्टला मनाई केली. सणाच्या सकाळी भट्टीतून जे निघालं ते दिसायला देखणं होतं. गाडीच्या चाकाएवढं, काळसर, वर गव्हाच्या ओंब्यांची नक्षी.

“आतून कच्चं आहे,” स्तेफानिया म्हणाली.

“कशावरून?”

“वजनावरून. कापून बघ.”

“कापून? सणाचा पाव सरपंचाआधी कापायचा? वेडी झालीस का?”

ही रीत मात्र खरी होती, आणि सगळा घोळ तिनेच केला. सणाचा पाव मिरवणुकीआधी कुणी कापत नाही. म्हणून तो भाजला गेलाय की नाही हे गावासमोरच कळतं. स्तेफानियाने पाव उलटा केला आणि बुडातून विणकामाची सुई घुसवली. सुईला लगदा लागून आला. तिने ती नवऱ्याच्या नाकासमोर धरली.

ग्झेलाक खुर्चीवर बसले. पाव कच्चा राहिला हे गावाला सांगितलं, तर बेकरीवाला त्याचा पाव घेऊन हजर होणार, आणि तो हातात धरून पुढेही तोच चालणार.

“हमरस्त्यावरचं दुकान उघडलं असेल?” त्यांनी विचारलं.

“ते जर्मन दुकान?”

“मी दुकान विचारलं. मालक नाही विचारला.”

स्तेफानिया सायकलवरून गेली आणि रायचा सगळ्यात मोठा पाव घेऊन आली. बुडाला चिकटवलेलं दुकानाचं लेबल ग्झेलाकनी गरम पाण्याने सोडवलं, आणि आपल्या पावावरच्या ओंब्या सोलून अंड्याच्या पांढऱ्याने त्यावर चिकटवल्या.

मिरवणूक झाली. बोझेनाबाईंनी रीतीप्रमाणे पावाचं चुंबन घेतलं, तो कापला, तुकडे वाटले. ग्झेलाक छोटंसं बोलले: “या पावात, या शब्दात, उसनं काहीही नाही.” बँडने सलामी दिली. पाहुण्यांतल्या वीब्के नावाच्या निवृत्त शिक्षिकेने दुसरा तुकडा मागून घेतला.

“उत्तम आहे,” ती मोडक्या पोलिशमध्ये म्हणाली. “आमच्याकडे अगदी असाच मिळतो.”

“मिळणारच, बाई. तुम्ही आमच्याकडूनच शिकलात.”

ती हसून मान डोलावून गेली. बोझेनाबाई मात्र तुकडा चघळत त्यांच्याजवळ थांबल्या.

“लुदोमिर, मी तुम्हाला ओळखलंच नव्हतं. याचं नाव पारंपरिक पदार्थांच्या यादीत घालूया. जिल्ह्याची माणसं येत्या शनिवारी येतील, तुम्ही पाव भाजताना भट्टीपाशी उभं राहून बघतील. चालेल ना?”

नाही म्हणायची हीच वेळ होती. ग्झेलाकच्या कोटाला मानाची फीत होती, भोवती माणसं होती.

“चालेल,” ते म्हणाले.

घरी परतले तर ताटात त्यांचाच पाव होता, जाड तुकडे केलेला, मधोमध ओलसर करडा.

“हे काय?”

“पाव. या घरात पाव फेकत नाहीत.”

“कोंबड्यांना घाल.”

“कोंबड्या शेजारणीच्या. ती विचारेल, मग मी सांगेन.”

ग्झेलाकनी पहिला तुकडा सुपात बुडवला. तो तळाशी गेला आणि तिथेच राहिला.

“शनिवारचं काय करणार आहेस?” स्तेफानियाने विचारलं.

“आधी हा संपू दे,” ते म्हणाले, आणि चमच्याने खरवडू लागले.