दम तेवढी फुंकणी : कचरूअण्णा मिस्त्रींच्या पंचाहत्तरीनिमित्त

कचरूअण्णा मिस्त्रींना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते भोकरदनमधल्या आपल्या शेडात एका जीपचा सायलेन्सर मांडीवर घेऊन बसले होते. मी हसनाबादचा, विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणारा. जीप आमच्या गावची, म्हणून मी सोबत गेलो होतो. अण्णांनी फुटका पाइप जोडून दिला आणि मी, कुणी विचारलं नसताना, बोलून गेलो, "मिस्त्री, एक माप मोठा टाकला असता तर गाडी जास्त ओढली असती."

शेडातले दोघं-तिघं हसले. अण्णा हसले नाहीत. म्हणाले, "कशावरून?"

पाण्याचा पाइप मोठा तर पाणी जास्त, एवढंच माझं शास्त्र.

"मंग उद्या ये. दोघं मिळून बघू." त्या उद्याला आता वीसेक वर्षं झाली. मी अजून जातोच आहे.

अण्णांचं काम काय, हे या अंकाच्या सगळ्या वाचकांना ठाऊक असेलच असं नाही. इंजिनात पेट्रोल जळतं, त्याचा जळका वायू ज्या नळ्यांतून बाहेर पडतो, त्या नळ्यांच्या जुडग्याला हेडर म्हणतात. चार सिलिंडरच्या चार नळ्या, पुढे जाऊन एक होणाऱ्या. शर्यतीच्या गाड्यांना हे हेडर खास बनवून घ्यावे लागतात, आणि नळी किती जाड घ्यायची यावर गाडीचा निम्मा स्वभाव ठरतो. जालन्यात लोखंडाला तोटा नाही, पण त्याला वायूची वाट बनवणारे हात आमच्या भागात अण्णांचेच. संभाजीनगरहून, पार पुण्याहूनही मंडळी त्यांचा पत्ता विचारत येतात.

अण्णांची पहिली शिस्त म्हणजे माप नळीच्या आतून घ्यायचं. "बाहेरून मोजलेलं माप म्हणजे नवरदेवाच्या फेट्यावरून डोकं मोजणं," असं ते म्हणतात. मला मात्र मापाची पट्टी वाचता येत नव्हती. सातवीत शाळा सुटली होती, आणि त्या व्हर्नियरच्या बारीक रेघा पाहून माझे डोळे फिरायचे. हे अण्णांनी ओळखलं. दुसऱ्या दिवसापासून ते चारचौघांत म्हणू लागले, "भागाजी, चष्मा घरी राह्यला बघ, तू वाचून सांग." मी चुकायचो. ते म्हणायचे, "पुन्हा बघ बरं, आज उजेड कमी आहे." दोन महिन्यांत मी बिनचूक वाचू लागलो. पुढे काकूंकडून, म्हणजे अण्णांच्या बायकोकडून कळलं, त्या काळात अण्णांना चष्मा लागलाच नव्हता.

दुसरी शिस्त खंडेनवमीची. सगळे मिस्त्री त्या दिवशी हत्यारं पुजतात. अण्णा हत्यारांच्या रांगेत दोन जुने, गंजलेले हेडरही मांडतात. दोन्ही त्यांचेच, दोन्ही चुकीच्या मापाचे. झेंडूचं फूल आधी त्यांना. "पान्यानं बोल्ट फिरवायला शिकवलं, यांनी विचार करायला," एवढंच सांगतात.

आता ज्या प्रसंगाने माझ्या मनावर अण्णांचं माप कायमचं कोरलं, तो सांगतो. चूक माझी होती, म्हणून तो मीच सांगितलेला बरा.

धावड्याचे साहेबराव म्हणजे मोठे खटपटे शेतकरी. आजोबांनी मेंढरं वळली, वडिलांनी जमीन केली, साहेबरावांनी ट्रॅक्टर आणला आणि त्यांची लेक वैशाली मातीच्या मैदानावर गाडी पळवू लागली. जुनी तेराशे सीसीची गाडी, पण पोरीचा हात पक्का. साहेबरावांना हे काही पचत नव्हतं. जालन्याजवळच्या मैदानात शर्यत ठरली, तेव्हा त्यांनी अट घातली, "पहिल्या पाचात आली तर पुढं पळव. न्हाई तर हा नाद बंद, गाडी परत बाजारहाटाला." वैशालीने मान हलवली. तिच्यासाठी ती एकच शर्यत सगळं काही होती.

ती हेडर बनवून घ्यायला आली, तेव्हा अण्णा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गेले होते. मी होतो. ती म्हणाली, "काका, जाड बसवा. मोठ्या गाड्यांचे व्हिडिओ पाह्यले मी, सगळ्यांचे जाडच असतात." माझ्यातला मोटारवाला जागा झाला. पावणेदोन इंची नळ्यांचा झकास हेडर बनवला. गाडी चालू केली, तर बाजार समितीपर्यंत आवाज. साहेबरावही खूश झाले.

शर्यतीला पाच दिवस राहिले असताना मोकळ्या माळावर चाचणी घेतली. गाडी गरजत होती, पण प्रत्येक वळणावरून बाहेर पडताना ओलं घोंगडं अंगावर घेतल्यासारखी जड व्हायची. आरपीएमचा काटा पार वर गेला की मगच जोर यायचा, आणि तिथवर पुढचं वळण आलेलं असायचं. वैशाली गाडीतून उतरली. साहेबराव म्हणाले, "झालं. गुंडाळा गाशा."

तेवढ्यात काळा चष्मा लावून अण्णा आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला एकच विचारलं, "गाडी कुठं पळणार हे पोरीला विचारल्तं का?"

मी विचारलं नव्हतं.

"पाइप अजून मोठा टाका मंग," साहेबराव म्हणाले. "खर्चा मी करतो."

अण्णा म्हणाले, "आधी चहा तर घ्या. आणि चूल तुम्हीच पेटवा." शेडामागे तीन विटांची चूल आहे. अण्णांनी साहेबरावांच्या हातात चार इंची प्लॅस्टिकचा पाइप दिला. साहेबराव फुंकून फुंकून लाल झाले, निखारा काही हलेना. काकू दारातून म्हणाल्या, "अहो, पाहुण्याला चहा पाजून राह्यले का दमा लावून राह्यले?" मग अण्णांनी पेनाची रिकामी रिफिल दिली. साहेबरावांचे गाल फुगले, पण चूल तशीच. शेवटी काकूंची फुंकणी आली. दोन फुंकांत जाळ.

"श्वास तुमचाच होता ना?" अण्णा म्हणाले. "नळी लई मोठी तर फुंक मरते, लई बारीक तर छाती कोंडते. ज्याचा दम जेवढा, तेवढी त्याची फुंकणी. तुमच्या गाडीचं इंजिन लहान, मैदान वळणांचं. काटा मधेच खेळणार. तिथं वायू जल्दी निघाला पाह्यजे, म्हणून नळी दीड इंचीच बराबर. लांब सरळ सडक असती, इंजिन वरच घुमत राह्यलं असतं, तर भागाजीचाही पाइप चालला असता."

साहेबराव मिशीवरची राख पुसत म्हणाले, "करा मंग दीड इंची. पण पोरगी पाचात न्हाई आली तर अट ती अट."

अण्णांना वेल्डिंगच्या उजेडाकडे पाहायची मनाई होती. ते शेडाबाहेर पाठ करून बसले आणि नुसत्या आवाजावरून सांगू लागले, "हात घाई करून राह्यला, भागाजी." चारही नळ्या सारख्या लांबीच्या हव्यात म्हणून वळणावळणातून सुतळी ओवून मोजल्या. माप पाहायची वेळ आली तेव्हा म्हणाले, "आता खरंच दिसत न्हाई, तू वाच." मी वाचलं. त्यांनी पुन्हा तपासायला लावलं नाही. माणसाला याहून मोठा सत्कार कोणता असतो, मला माहीत नाही.

शर्यतीच्या दिवशी वैशालीची गाडी सुटली ती दबक्या, घट्ट आवाजात. साहेबराव घाबरले. "आवाज का न्हाई येऊन राह्यला? बंद पडली का?"

"आवाज नका ऐकू, वळण बघा," अण्णा म्हणाले.

वळणावरून गाडी अशी सुटत होती, जशी गोफणीतून सुटावी. साहेबरावांना तरी भरवसा वाटेना. निकालाचा कागद लागला तेव्हा ते वाचायला पुढे गेले नाहीत, मला पाठवलं. वैशाली चौथी आली होती. मी येऊन सांगितलं. साहेबराव पोरीच्या डोक्यावरचं हेल्मेट स्वतःच्या हाताने काढत म्हणाले, "पुढच्या साली चौथी नको."

माझा जाड हेडर मी भंगारात टाकणार होतो. अण्णांनी तो घेतला आणि खंडेनवमीच्या रांगेत आपल्या दोन हेडरांशेजारी मांडला. गुरूच्या चुकांशेजारी आपल्या चुकीला जागा मिळणं, हे भाग्य सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

अण्णांचा दुसरा डोळाही आता छान झाला आहे. परवा साहेबराव शेडात येऊन बसले. वैशालीबद्दल बोलले, पिकांबद्दल बोलले, मग खाली बघत म्हणाले, "अण्णा, या वयात मला जमंल का हो? शर्यतीचं. ट्रॅक्टर तर चालवतोच की."

अण्णांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "जमंल की. पण तुमच्यासाठी नळी सव्वा इंचीच लागंल."

साहेबरावांनी शिकायला सुरुवात केली आहे आणि ते पहिल्या पाचात येईपर्यंत अण्णांनी हातीपायी धड, डोळ्याने स्वच्छ आणि जिभेने असंच तिखट राहायचं आहे, असं आम्ही सर्वांनी ठरवलं आहे. साहेबरावांचा सध्याचा वेग मी पाहिला आहे. अण्णा सहज शंभरी ओलांडतील.