पडल्या गड्याची रेघ

तेल्हाऱ्याची शाळा तेव्हा टिनाची होती. त्या तापल्या टिनाखाली सूर्यभान गवई मास्तर इंग्रजी शिकवायचे. वाईट मालाला इंग्रज 'शॉडी' म्हणतो हे सांगायला त्यांनी घरचं फाटकं कांबळं आणलं आणि वर्गात पिंजून दाखवलं. जुन्या लोकरी चिंध्या पिंजून पुन्हा विणलेलं कापड, ती शॉडी. दिवसभर पोरं शिंकत होती. "शिवीले बी मायबाप रायते, पोट्टेहो," मास्तर म्हणायचे, "पह्यले ते हुडका, मंग शिवी द्या." असा इंग्रजीचा तास पुन्हा कुठं भेटला नाही.

साठ सालच्या उन्हाळ्यात बुधाजी पैलवानाची शालू मॅट्रिकला इंग्रजीत नापास झाली. पोरीला शिकवतो म्हणून बुधाजीनं भावकीची बोलणी खाल्ली होती. हेडमास्तरांनी त्याला, पोरगी 'नॉट अप टू स्क्रॅच', असं ऐकवलं आणि अर्थही सांगितला, माल हलका आहे. शालूला पुन्हा परीक्षेला बसायचं होतं. बुधाजीनं मात्र अकोटच्या सोयऱ्यांना पोरगी पाहायला बोलवायचं ठरवलं. शालू दोन घासही जेवली नाही.

मास्तरांच्या कानावर हे गेलं तसे ते तडक तालमीत पोचले. वहाणा बाहेर काढल्या आणि तांबड्या मातीत काडीनं रेघ ओढली.

"हे काहून, गुरुजी?" बुधाजीनं विचारलं.

मास्तरांनी सांगितलं, हीच ती स्क्रॅच. विलायतेत पूर्वी ठोशांच्या लढतीत मधोमध अशी रेघ ओरखडत. गडी पडला म्हणून हरत नसे. दम खायचा, उठायचं, रेघेपाशी येऊन उभं राहायचं. आलाच नाही, तो हरला.

"मंग हेडमास्तर हलका माल म्हणे, ते खोटं?"

"खोटं नाई, आता तसंच म्हणतात. पन रेघ होती पडल्या गड्यासाठी, बुधाजीभाऊ. पोरगी उठून राहिली, अन् तुमीच तिले दाबून धरलं."

बुधाजीनं मांडीवरची माती झाडली. मग म्हणाला, "अकोल्याच्या कुस्त्यायच्या दंगलीत मी चित झालो होतो. माह्या बापानं मले घरी नाई बसवलं."

सोयऱ्यांना निरोप गेला, यंदा येऊ नका. शालू सकाळी मास्तरांच्या ओसरीवर शिकायला जाऊ लागली. बुधाजी तिला सोडायला यायचा आणि धडा संपेपर्यंत पायरीवरून हलायचा नाही. कळत काहीच नव्हतं, पण वस्तादानं पठ्ठ्याला एकटं सोडू नये, असं त्याचं म्हणणं.