उजवीकडची खिडकी

कट्टा गावच्या बाजारात एसटीडी बूथच्या मागे काकांचं तिकिटांचं टेबल होतं. एसटीपासून विमानापर्यंत सगळी बुकिंगं ते करायचे, स्वतः मात्र विमानात कधी बसले नव्हते. मुंबईच्या ऑफिसशी फोनवर शुद्ध मराठीत, 'कृपया' म्हणत बोलायचे. फोन ठेवला की आमच्याशी मालवणीत. विमानातल्या सीटचे नकाशे त्यांनी वहीत पट्टीने आखले होते. संडासाजवळच्या रांगेवर लाल फुली.

कंपनी मला बिझनेस क्लासने सिडनीला पाठवणार होती. तिकीट आलं होतं, सीट निवडायची राहिली होती. मी सुट्टीवर घरीच होतो, म्हणून काकांकडे गेलो.

"माका चालायच्या वाटेकडची व्हयी," मी म्हटलं. "गुडघो दुखता."

"गुडघो खंयय बसलस तरी दुखतलो. उजवीकडची खिडकी घे. दिवसाचा विमान आसा, वरसून आपलो गाव दिसतलो."

तीन दिवस फोन करून त्यांनी ती सीट मिळवली.

मुंबईहून विमान सुटलं आणि मी खिडकीचा पडदा खाली ओढून आडवा झालो. जाग आली तेव्हा खाली नुसता समुद्र होता.

परत आल्यावर काकांनी सिडनीचं काहीच विचारलं नाही. चष्मा काढून एवढंच म्हणाले, "दिसलो गाव?"

"दिसलो," मी म्हणालो. "समुद्रातलो किल्लोसुद्धा."

त्यानंतर तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाला ते माझं नाव सांगून उजवीकडची खिडकी घ्यायला लावत. दहा-बारा जण तरी जाऊन आले. गाव दिसला नाही, असं एकानेही येऊन सांगितलं नाही.