स्मिथसाहेबांची भावकी

"आडनाव म्हणजे धंदा. बाकी सगळा पॉलिश," असं म्हणत तो समोरच्या लोखंडावर बोटाचं पेर वाजवायचा आणि कान देऊन ऐकायचा. माणसांनाही तो असाच वाजवून बघायचा.

नव्वदच्या दशकात कुवेतमध्ये, शुऐबा बंदराजवळच्या एका वर्कशॉपमध्ये तो लोहार होता. कामानंही आणि आडनावानंही. रत्नागिरीकडचा. मी तिथला टाइमकीपर. माझं आडनाव गावावरून, शेवटी 'कर' असलेलं. हे 'कर' किती सोयीचं असतं ते तुम्हाला सांगायला नको. परदेशात मराठी माणूस भेटला की आपण आधी नाव विचारतो, मग गाव, मग जरा घुटमळून, "म्हणजे मूळचे?" त्यानंही विचारलं. "मूळचे तिथलेच," म्हणत मी सांडशीनं चहाचं टोप उतरवलं. तो माझ्या हाताकडे बघत राहिला.

आमचे इंग्रज साहेब स्मिथ. पांढरं हेल्मेट, हाताला एक घट्टा नाही, आणि बोलण्याचा थाट असा की घराण्यात दोन-तीन सरदार तरी होऊन गेले असावेत.

"भाऊ, सायबाच्या आडनावाचा अर्थ काय ओ?" त्यानं एकदा विचारलं. मी डिक्शनरी उघडली.

"लोहार."

"काय सांगता!"

मग मी जास्तच शहाणपणा केला. पूर्वी तिकडेही गावोगाव भट्टी असे, भट्टीवरच्या माणसाला गाव त्याच नावानं हाक मारी. म्हणून आज इंग्लंडात पावलोपावली हेच आडनाव. वकील स्मिथ, डॉक्टर स्मिथ, पाद्रीसुद्धा स्मिथ.

"म्हणजे धंदा सुटला, पण नाव नाय सोडला," तो म्हणाला. "आपले बघा. भट्टी विझायच्या आधी नाव बदलतात."

मी चहा फुंकत बसलो.

त्या दिवसापासून साहेब राउंडला आले की हा हातोडा खाली ठेवून म्हणे, "रामराम, भावकी!" अख्खं वर्कशॉप हसायचं. शेवटी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, तो म्हणतो काय? त्याच्या कराराच्या नूतनीकरणाचा कागद टेबलावर होता. सही तेवढी बाकी होती.

'तुमच्याच व्यवसायातला, घरच्यासारखा,' एवढं सांगितलं असतं तर साहेबही कदाचित हसले असते. मी म्हणालो, "सर, लोहार आमच्याकडे खालचे समजतात. तुम्ही त्याच्या जातीचे, असं तो म्हणतो."

साहेबांना खूश करायला नव्हे. आडनावं वाजवत हा माणूस एक दिवस माझ्यापर्यंत पोचेल, या भीतीनं. 'कर' माझ्या वडिलांनी लावलेलं. त्याआधी आम्हीही लोहारच.

सही झाली नाही.

त्याचा पासपोर्ट मीच त्याच्या हातात दिला. त्यानं पिशवीतून स्वतः घडवलेली एक सांडशी काढून माझ्यापुढे ठेवली. "सांडशी धरताना तुमची करंगळी दोन दांड्यांच्या मधी जाते, भाऊ. ती सवय भट्टीवरच लागते. पयल्याच दिवशी ओळखला मी."

"मग बोलला नाहीत?"

"भावकीतल्याची अब्रू कोण काढतो?"

तो पुन्हा भेटला नाही. पुढे काही वर्षांनी शाळेच्या प्रोजेक्टसाठी मुलीनं विचारलं, "बाबा, व्हॉट डझ अवर सरनेम मीन?" मी म्हणालो, "काही नाही. गावाचं नाव."

ती सांडशी अजून आहे. चहाचं टोप उतरवताना मी करंगळी बाहेर ठेवायला बघतो. चहा सांडतो.