आठ नंबरचा डोस

ऑफिसात सगळे त्यांना काकू म्हणायचे. वय सत्तेचाळीस, बाकीची मंडळी पंचविशीची, मग दुसरं काय म्हणणार! काकूंची उमेदीची पंधरा वर्षं कॉम्प्युटरवर फॉर्म भरण्याच्या नोकरीत गेली. मध्येच वीज गेली की अर्धा भरलेला फॉर्म पुसला जायचा आणि साहेब ओरडायचा तो काकूंवर! चाळिशीत लेकीच्या पुस्तकांवरून त्या वेबपेज बनवायला शिकल्या, तेव्हा नवरा म्हणाला, "आता या वयात?"

"मग काय पुढच्या जन्मी?" काकूंनी त्याचं तोंडच बंद केलं.

आता त्या हॉस्पिटलांसाठी स्क्रीन बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत होत्या. स्क्रीनला बरंच लक्षात ठेवावं लागतं. काय टाइप केलं, कोणती यादी उघडी आहे, माहिती पोचली की नाही. पोरं हे सगळं प्रत्येक स्क्रीनसाठी नव्याने लिहायची आणि प्रत्येक ठिकाणी नव्याने चुकायची. काकू वैतागल्या. त्यांनी एक छोटं फंक्शन, म्हणजे कुठेही जोडता येईल असा प्रोग्रॅमचा तुकडा, लिहिलं. कुठल्याही फॉर्मला ते जोडा, अर्धवट भरलेलं सगळं ते जपून ठेवणार. वीज जावो नाहीतर नेट! बघता बघता तेवीस स्क्रीनवर ते बसलं आणि काकूंचे पाय काही जमिनीवर ठरेनात.

एका मंगळवारी अकरा वाजता एका हॉस्पिटलमधल्या मुख्य नर्सबाईंचा फोन आला. "अहो, सात नंबरच्या पेशंटचा डोस आठ नंबरच्या नावाखाली दिसतोय. हे काय?"

काकू ताडकन उभ्या राहिल्या. "कुणाला दिला का हो तो?"

"सकाळी दुसरी होती ड्यूटीवर. तिला विचारून सांगते."

"विचारा, विचारा! आणि तोवर ती स्क्रीन कुणी वापरू नका."

चूक सापडायला दहा मिनिटं लागली. फॉर्म न मिटवता एका पेशंटवरून थेट पुढच्यावर गेलं, की फंक्शन आधीच्याचा डोस इमानेइतबारे तसाच ठेवत होतं. काकूंनी चाचणी केली नव्हती असं नाही, शंभरदा केली होती. पण एक फॉर्म मिटवायचा आणि मगच दुसरा उघडायचा, ही त्यांची पंधरा वर्षांची सवय. मध्येच कुणी उडी मारेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुरुस्ती एका ओळीची होती. पेशंट बदलला की जुनं विसर, एवढंच. एका जागी ती केली आणि तेवीसच्या तेवीस स्क्रीन सुधारल्या. शेजारच्या टेबलावरचा चष्मेवाला पोरगा टाळ्या वाजवायला लागला.

"गप रे!" काकू खेकसल्या. एका जागी सुधारलं की सगळीकडे सुधारतं, हे खरं. पण मग चुकलंही सगळीकडेच होतं की! त्यांनी चहा मागवला आणि तो तसाच गार झाला. आठ नंबरला कोण असेल? कुणाची म्हातारी आई? कुणाची चिमुरडी पोर? काकूंना भयंकर भीती वाटत होती.

पावणेबाराला फोन वाजला.

"नाही दिला कुणाला," नर्सबाई म्हणाल्या.

"देवा रे देवा! नक्की ना?"

"नक्की. अहो, आमच्या मुली खाटेपाशी जाऊन आधी नाव विचारतात, डॉक्टरांच्या हातचा कागद बघतात, मगच औषध देतात. तुमच्या स्क्रीनवर विसंबून इथे कुणी काही देत नाही. राग मानू नका हं."

"राग कसला हो! मुळीच विसंबू नका!" काकू जवळजवळ ओरडल्याच. इतके दिवस ज्या फंक्शनचा तोरा मिरवला त्याची अशी शोभा झाली होती आणि त्यांना बाईंच्या पाया पडावंसं वाटत होतं. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. सगळं ऑफिस माना वर करून बघत होतं.

"अहो, रडताय का तुम्ही?"

"हो," काकू नाक पुसत म्हणाल्या. "आठ नंबरला कोण आहे हो?"

"एक आजोबा आहेत. ठणठणीत झालेत, उद्या घरी जातील. सकाळपासून नुसती कटकट चाललीय. उशी कडक आहे, पंखा वाजतो..."

"करू देत," काकू म्हणाल्या. "करू देत हो त्यांना कटकट."