परिषदेआधीचं गाऱ्हाणं

परदेशातल्या शांतता परिषदेला प्रतिनिधी म्हणून मला बोलावणं आलं, तेव्हा जामसंड्याच्या आमच्या शाळेत पेढे वाटले गेले. पोरांची भांडणं छडीविना मिटवण्याचे माझे उद्योग एवढे दूर पोचतील असं मलाही वाटलं नव्हतं. व्हिसा आला, भाषण पाठ झालं, बॅग भरली. जीव मात्र घरात अडकला होता. घरात आम्ही दोघीच, मी आणि आई. मी गेल्यावर तिला रात्री-अपरात्री काही झालं तर हाक कोणाला मारायची? शेजारी घर एकच, काकांचं. आणि पावसात पडलेला दोन आवारांमधला चिऱ्याचा गडगा पुन्हा घालताना कोण किती आत सरकलं यावरून आई आणि काकांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं.

त्यात, निघण्याआधी देवळात देवाला साकडं घालायचंच, असं आईने फर्मान काढलं, "गाऱ्हाणा घातल्याशिवाय जावचा नाय."

"आई, गाऱ्हाणा घालूचो मान काकांचो."

आई म्हणाली, "आमी देवाक सांगतंव, तेंका नाय."

माझ्या भाषणात असलं एकही वाक्य नव्हतं. मी काकांना निरोप दिला आणि ते येणार नाहीत असं धरूनच चालले. ते आले, धुतलेलं धोतर नेसून. देवळात चार गावकरी जमले. काकांनी देवापुढे नारळ ठेवला, हात जोडले आणि खणखणीत आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! ह्या आमचा चेडू शांततेच्या सभेक परमुलखात जाता हा."

"होय म्हाराजा!" सगळे म्हणाले. आईचे ओठ नुसते हलले.

"तेका सुखरूप ने, सुखरूप परत हाड, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

मला वाटलं, संपलं. पण काकांनी जोडलेले हात सोडले नाहीत.

"तेची आवस घराक एकटी रवतली. आमी आसंवच. पण तूय नजर ठेय, म्हाराजा!"

होकार द्यायचं सोडून सगळे आईकडे बघत होते. गाऱ्हाण्याला होकार दिला नाही तर ते देवाकडे पोचत नाही, हे तिनेच मला लहानपणी शिकवलेलं.

"होय म्हाराजा," आई म्हणाली. एकटीच, आणि चांगली मोठ्याने. मग बाकीच्यांनी सूर धरला. मला इतकं हायसं वाटलं की देवळातच रडू फुटलं.

काकांनी नारळ फोडून खोबऱ्याचं एक भकल तिच्या हातावर ठेवलं. "घेवा, वयनी." तिने घेतलं. गडग्याचा विषय कोणी काढला नाही, आणि तो अजूनही तसाच आहे म्हणा.

दुसऱ्या दिवशी गाडी दारात आली. मी चौथ्यांदा तिला औषधांचं सांगत होते. गडग्यापलीकडे काका दात घासत उभे होते. आईने माझा हात सोडवून मला गाडीत ढकललं.

"जा गो बेगीन," ती म्हणाली. "आमी आसंव हय."